वॉर्साच्या घेट्टोवर लिहायला जाताना

वॉर्साच्या मुरानुफ भागात उभं राहिलं तर तीन-चार मजली साधी घरं, खिडकीतल्या कुंड्या, सायकली आणि एखादं किराणा दुकान एवढंच दिसतं. दुसऱ्या महायुद्धात युरोपातला सगळ्यात मोठा ज्यू घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्यासाठी भिंत घालून तोडलेली वस्ती, याच भागात होता. १९४३ मध्ये जर्मनांनी इथली घरं एकेक करून जाळली, सुरुंग लावून पाडली. युद्धानंतर तो मलबा हलवणं आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून त्याच्यावरच नवी वस्ती उभी राहिली, तीही मलबा भरडून केलेल्या ठोकळ्यांची. वास्तुविशारद होते बोहदान लाखेर्ट. इथल्या कित्येक इमारतींच्या दाराशी जायला आधी एखाद्या चढावाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तो चढाव नैसर्गिक नाही. त्याखाली पाडलेली घरं आहेत.

वॉर्सावर लिहिणाऱ्याची पहिली अडचण हीच. क्राकुफमध्ये जुनी ज्यू वस्ती बरीचशी उभी आहे, तिथे डोळ्यांना काहीतरी मिळतं. इथे दाखवण्यासारखं फार थोडं उरलंय. आधी बघू आणि मग वाचू असं ठरवून येणारा दोन दिवसांत चार स्मारकं बघतो आणि वहीत स्वतःच्याच मनःस्थितीचं वर्णन घेऊन परततो. क्रम उलटा लावा. घेट्टोतल्या माणसांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेले हजारो कागद आज शिल्लक आहेत. ते आधी वाचायचे, आणि मग त्यांत आलेल्या पत्त्यावर जाऊन उभं राहायचं. इथून पुढची सगळी माहिती त्याच हिशेबाने दिली आहे.

निघण्याआधीचे तीन आठवडे

संपूर्ण घेट्टो एका लेखात मावत नाही, एक धागा निवडा. भूक, शाळा, तस्करी करणारी मुलं, डॉक्टर, एखादी गल्ली, एखादं घर, काहीही चालेल. धागा ठरला की कुठल्या गल्लीत किती वेळ घालवायचा हे आपोआप ठरतं.

मग कालपट पाठ करा. तो हाताशी नसला की गोंधळ ठरलेलाच. १९३९ मध्ये वॉर्सात सुमारे पावणेचार लाख ज्यू राहत होते, शहराच्या लोकसंख्येच्या जवळजवळ ३० टक्के. ऑक्टोबर १९४० मध्ये घेट्टोचा हुकूम निघाला आणि १६ नोव्हेंबर १९४० ला वेशी बंद झाल्या. आजूबाजूच्या गावांतले ज्यूही आत कोंबले गेले आणि १९४१ च्या वसंतात आतली संख्या साडेचार लाखांच्या वर गेली, तीही जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटरांत. एका खोलीत सरासरी सात माणसं. १९४१ मधलं अधिकृत रेशन दिवसाला सुमारे १८४ कॅलरी होतं. गाडी भरून कुठे पाठवण्याआधीच, १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत, भूक आणि टायफसने सुमारे ८३ हजार माणसं मेली. २२ जुलै ते २१ सप्टेंबर १९४२ या काळात सुमारे २ लाख ६५ हजार लोकांना त्रेब्लिंकाला नेऊन मारलं. १९ एप्रिल १९४३ ला उरलेल्यांनी उठाव केला आणि १६ मे रोजी जर्मनांनी तो मोडल्याचं जाहीर केलं.

इथे तीन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली, १९४३ चा घेट्टोतला उठाव आणि १९४४ चा वॉर्सा उठाव या दोन वेगळ्या घटना आहेत. दुसरा १ ऑगस्ट ते २ ऑक्टोबर १९४४ चा, पोलिश भूमिगत सेनेचा. त्याचं संग्रहालय वेगळं आणि त्याची स्मारकं शहरभर आहेत. १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता शहर थांबतं ते त्या उठावासाठी. दुसरी, वॉर्साचे बहुसंख्य ज्यू ऑशविट्झला गेले नाहीत, त्रेब्लिंकाला गेले. आणि तिसरी आपल्याकडची. वळिवडे म्हटलं की कोल्हापूरजवळची पोलिश निर्वासितांची छावणी मराठी माणसाला आठवते आणि ती या कथेला जोडावीशी वाटते. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक बहुतांशी ख्रिस्ती होते. त्यांना पूर्व पोलंडमधून हाकललं सोव्हिएत सत्तेने, सायबेरिया-कझाकस्तानात. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, ते जरूर पाहा, पण ते स्वतंत्र लेखात येऊ द्या.

प्रवासाचा काळ निवडताना प्रकाशाचा विचार करा. डिसेंबरात दुपारी साडेतीनला सूर्य मावळतो आणि पायी फिरायला जेमतेम सहा तास मिळतात. एप्रिल ते सप्टेंबर बरा. १९ एप्रिलला उठावाच्या स्मृतिदिनी रस्त्यावरची माणसं छातीवर कागदाचं पिवळं फूल लावून फिरतात. उठावातले एक नेते मारेक एडेलमान दरवर्षी या दिवशी स्मारकापाशी पिवळी फुलं ठेवत, त्याची ही आठवण. २२ जुलैला त्रेब्लिंकाच्या गाड्या जिथून सुटत त्या जागेपासून स्मरणयात्रा निघते. शांतपणे टिपणं काढायची असतील तर मात्र हे दोन दिवस सोडून जा.

कमीत कमी चार पूर्ण दिवस ठेवा. वारांचं गणित पक्कं करून मगच तिकीट काढा. पोलिश ज्यूंच्या इतिहासाचं पोलिन संग्रहालय मंगळवारी बंद असतं. गुरुवारी मुख्य प्रदर्शन फुकट असतं, पण गर्दी होते. ज्यू दफनभूमी आणि ज्यू इतिहास संस्था शनिवारी बंद, शुक्रवारीही दफनभूमी लवकर बंद होते, कारण सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. (कोकणातल्या बेने इस्राएलींचे घाणे शनिवारी बंद राहत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ नाव पडलं, तोच हा शनिवार.) तेव्हा बुधवार ते रविवार असा मुक्काम सोयीचा. नेमक्या वेळा निघण्याच्या आठवड्यात संकेतस्थळांवर पुन्हा पाहा, ज्यू सणांनाही कुलूप असतं.

नकाशे दोन लागतात

एक आजचा आणि एक घेट्टोच्या काळातला. घेट्टोच्या सीमेचा नकाशा पोलिन संग्रहालयाच्या दुकानात किंवा संकेतस्थळावर मिळतो. दोन्ही एकाच मापाचे छापून घ्या आणि जुना पारदर्शक कागदावर उतरवून आजच्यावर ठेवा. तासाभराचं काम आहे, पण त्याशिवाय फसगत होते. युद्धानंतर रस्ते सरकले, काही नाहीसे झाले, घरांचे क्रमांक बदलले. ठळक उदाहरण मिवा गल्लीचं. ‘मिवा १८’ म्हणजे उठावाचं नेतृत्व करणाऱ्या मोर्देखाय आन्येलेविच आणि त्यांच्या सोबत्यांचं तळघर, जिथे ८ मे १९४३ ला ते मरण पावले. फोनमध्ये आज ‘मिवा १८’ टाकलं तर तो तुम्हाला काही शे मीटर पश्चिमेला, एका साध्या निवासी इमारतीपाशी नेतो. खरी जागा मिवा आणि दुबुआ या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या गवताळ उंचवट्यावर आहे. तो उंचवटाही पाडलेल्या घरांच्या मलब्याचाच.

सीमेसाठी जमिनीकडे बघत चाला. जिथे जिथे घेट्टोची भिंत आजचा रस्ता किंवा पदपथ कापते, अशा बऱ्याच ठिकाणी ओतीव लोखंडाची पट्टी बसवली आहे. तिच्यावर ‘घेट्टोची भिंत’ ही अक्षरं आणि १९४० व १९४३ ही सालं आहेत. २००८ मध्ये वीसहून अधिक जागी अशा खुणा आणि माहितीफलक लागले. पावसात किंवा बर्फात पट्टी झाकली जाते, म्हणून जागा नकाशावर आधीच ठिपके देऊन ठेवा.

नावं आणि शब्द देवनागरीत

पोलिश नावं इंग्रजी उच्चाराने लिहिली की वाचक त्यांचा शोध घेऊ शकत नाही आणि तिथल्या माणसाला ती कळत नाहीत. थोडे नियम पुरतात. आडवी काट मारलेला ‘एल’ म्हणजे व, म्हणून मिला नव्हे मिवा, आणि क्लोदना नव्हे ख्वोदना. ‘डब्ल्यू’ म्हणजे व, पण शब्दाच्या शेवटी फ, म्हणून मुरानुफ, क्राकुफ. रेघ असलेला ‘ओ’ म्हणजे उ. ‘जे’ म्हणजे य. ‘सीझेड’ हा चिमणीतला च आणि नुसता ‘सी’ हा चुलीतला च. मराठीत दोन्ही च आहेत हे आपलं भाग्य, पण लिपीत फरक दिसत नाही, म्हणून दुसऱ्यासाठी ‘त्स’ लिहा. उदाहरणार्थ वालित्सुफ.

शब्दांबाबत याहून जास्त जपायला हवं. मराठीत ‘छावणी’ म्हटलं की चारा छावणी, लष्करी छावणी, मदत छावणीही डोळ्यासमोर येते. त्रेब्लिंकात राहण्याची सोयच नव्हती. गाडीतून उतरवलेली बहुतेक माणसं दोन तासांच्या आत मेलेली असत. त्याला संहार केंद्र म्हणा. जवळच वेगळी श्रम छावणी होती, तिला श्रम छावणी म्हणा. जर्मन कागदांत घेट्टोतून लोक नेण्याला ‘पूर्वेकडे पुनर्वसन’ असा शब्द आहे. धरणग्रस्तांमुळे ‘पुनर्वसन’ मराठीत रुळलेला आणि वजनदार शब्द आहे, तो अवतरणाशिवाय वापरला तर मारेकऱ्यांचं खोटं आपणच पुढे नेतो. ‘बलिदान’, ‘हौतात्म्य’ हे शब्द उठावात लढलेल्यांसाठीसुद्धा विचार करून वापरा, आणि ओढून नेलेल्या मुलांसाठी अजिबात नको. त्यांनी काही अर्पण केलं नव्हतं, त्यांचे जीव घेतले गेले. आणखी एक: ‘पोलिश छावण्या’ कधीही लिहू नका. जर्मनीने व्यापलेल्या पोलंडमधल्या त्या जर्मन छावण्या होत्या. पोलंडमध्ये या चुकीने माणसं दुखावतात, आणि ते रास्त आहे.

पहिला दिवस: कागद

मेट्रोने रातुश-आर्सेनाव स्थानकावर उतरा. समोर बँक चौकात निळ्या काचेची उंच इमारत दिसते. तिथे १८७८ मध्ये उघडलेलं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, होतं. १६ मे १९४३ ला, उठाव मोडल्याची खूण म्हणून, जर्मन अधिकारी युर्गेन श्ट्रोपने ते सुरुंगाने उडवलं. शेजारची ज्यू ग्रंथालयाची इमारत जळाली पण उभी राहिली. आज तिच्यात ज्यू इतिहास संस्था आहे, पत्ता त्वोमात्स्क्ये ३/५. दारातून आत गेल्यावर आधी खाली बघा. प्रवेशदालनाच्या फरशीवर त्या आगीचे डाग तसेच ठेवले आहेत. बहुतेक जण तिकीटखिडकी शोधत त्यांच्यावरून चालत जातात.

इथलं कायमचं प्रदर्शन रिंगेलब्लुम संग्रहाचं आहे. लिहिणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे, अगदी मोठ्या पोलिन संग्रहालयापेक्षाही जास्त. इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम यांनी नोव्हेंबर १९४० मध्ये घेट्टोत एक गुप्त गट उभा केला. त्याचं नाव ‘ओनेग शाब्बात’, म्हणजे शनिवारचा आनंद, कारण बैठका शनिवारी होत. या साठेक माणसांत शिक्षक होते, रब्बी (ज्यू धर्मगुरू) होते, अर्थशास्त्रज्ञ, लेखक, विद्यार्थी होते. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी प्रश्नावली करायची, मग मुलाखत, मग प्रती. फक्त मोठ्या घटना नाहीत, तर रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, गोळ्या-चॉकलेटांची वेष्टनं, शाळकरी मुलांचे निबंध, रस्त्यावरचे विनोद, भिकाऱ्यांची गाणी. पुढे कोणी आपला इतिहास लिहिला तर तो फक्त मारेकऱ्यांच्या कागदांवरून लिहिला जाऊ नये, हा हेतू.

ऑगस्ट १९४२ च्या सुरुवातीला, बाहेर धरपकड चालू असताना, पहिला भाग दहा पत्र्याच्या पेट्यांत भरून नोवोलिपकी ६८ इथल्या शाळेच्या तळघरात पुरला. पुरणाऱ्यांत एकोणीस वर्षांचा दाविद ग्राबेर होता. आपण जगाला ओरडून सांगू शकलो नाही ते जमिनीत पुरलं, अशा अर्थाचं त्याने पेटीत लिहून ठेवलं. पुढचा भाग दोन दुधाच्या कॅनमध्ये गेला. त्या गटातले तिघेच युद्धानंतर जिवंत होते. त्यांतल्या हेर्श वासेर यांना जागा ठाऊक होती, म्हणून १८ सप्टेंबर १९४६ ला पेट्या सापडल्या. कॅन १ डिसेंबर १९५० ला सापडले. तिसरा भाग मिळाला नाही. सापडलेली पानं सुमारे ३५ हजार, आणि १९९९ पासून हा संग्रह युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहे. दुधाचा कॅन प्रदर्शनात समोर पाहायला मिळतो. पेट्या जलाभेद्य नव्हत्या, पाणी शिरून कागद चिकटले, शाई पसरली. कागदांवरचे डाग त्याचे आहेत.

कागद बहुतेक यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोलभाषा) आणि पोलिश भाषेत आहेत. बराच भाग डिजिटल स्वरूपात घरबसल्या पाहता येतो, काही खंडांचे इंग्रजी अनुवाद झाले आहेत. तुमच्या धाग्याशी जुळणारे पाच-सहा कागद आधीच निवडून छापून घ्या. मूळ कागद पाहायचा असेल तर संस्थेच्या अभिलेखागाराला काही आठवडे आधी पत्र लिहा, विषय आणि हवा असलेला दस्तऐवज नेमका कळवा. ‘घेट्टोबद्दल काहीतरी’ अशा पत्राला उपयोगी उत्तर येत नाही.

दुसरा दिवस: दक्षिणेचा लहान घेट्टो

घेट्टोचे दोन भाग होते, लहान आणि मोठा. मधून जाणारा ख्वोदना रस्ता शहराला पूर्व-पश्चिम जोडणारा मुख्य मार्ग असल्याने जर्मनांनी तो स्वतःकडे ठेवला आणि घेट्टोला कापून काढलं. हे कारण कळलं की पुढची सगळी रचना उलगडते.

श्फ्येंतोक्षिस्का मेट्रोपासून सुरुवात करा. जवळची प्रुझ्ना गल्ली युद्धापूर्वीची घरं उभी असलेल्या मोजक्या गल्ल्यांपैकी आहे, पण डागडुजीने चकचकीत झाली आहे. तिथून ग्शिबोफ्स्की चौक, आणि त्यामागे त्फार्दा रस्त्यावर नोझिक सिनेगॉग. १९०२ मध्ये उघडलेलं हे युद्धातून वाचलेलं आणि आजही प्रार्थना चालू असलेलं वॉर्सातलं एकमेव जुनं सिनेगॉग. जर्मनांनी त्याचा तबेला केला होता. आत जाताना पुरुषांनी डोकं झाकायचं.

भिंतीचे तुकडे शेन्ना ५५ आणि झ्वोता ६२ या घरांच्या अंगणात आहेत. ही राहती घरं आहेत, आवाज करू नका, कोणाच्या खिडकीचा फोटो घेऊ नका. शेन्ना बाजूचं फाटक बहुधा बंद असतं, वाट झ्वोताच्या बाजूने शोधा. भिंतीची उंची सुमारे तीन मीटर. दोन विटांच्या जागा रिकाम्या दिसतील, त्या वॉशिंग्टनच्या स्मारक संग्रहालयाने नेल्या. इथे वर्णन करत बसण्यापेक्षा मोजा. विटांचे थर मोजा, आपली उंची किती थरांना संपते ते लिहा. ही नोंद नंतर कामाला येते, कारण तस्करी करणारी मुलं याच उंचीखालून, भोकांतून आणि गटारांतून ये-जा करत होती. आतल्या अन्नाचा मोठा भाग तस्करीतून येई.

इथून वालित्सुफ रस्त्यावर जा. ११ क्रमांकाशी जुन्या मद्यनिर्मितीशाळेची भिंत हीच घेट्टोची हद्द होती. जवळच्या १४ क्रमांकाच्या घरात कवी व्वादिस्वाफ श्लेंगेल राहत. ते १९४३ च्या उठावात मारले गेले.

मग झेलाझ्ना आणि ख्वोदना यांचा चौक. जानेवारी ते ऑगस्ट १९४२ इथे लाकडी पादचारी पूल होता. ज्यूंनी पायऱ्या चढून वरून जायचं, खालून बाहेरच्या शहराची ट्राम आणि मोटारी. आता त्या जागी दोन्ही बाजूंना धातूचे खांब आहेत, आणि त्यांच्या मध्ये ताणलेल्या तारा अंधारात उजळून पुलाची जागा दाखवतात. म्हणून इथे दोनदा या, एकदा उजेडी आणि एकदा अंधार पडल्यावर. खांबांत छोट्या दुर्बिणीसारखी भिंगं आहेत, त्यांतून जुनी चित्रं दिसतात. चौकातून थोडं पुढे ख्वोदना २० हे घर उभं आहे, त्यात जर्मनांनी घेट्टोच्या कारभारासाठी नेमलेल्या ज्यू परिषदेचे प्रमुख आदाम चेर्न्याकुफ राहत. मुलांनाही गाडीत भरायचंय हे कळल्यावर २३ जुलै १९४२ ला त्यांनी विष घेतलं. त्यांची रोजनिशी उपलब्ध आहे. त्यांच्यावर न्यायनिवाडा करायची घाई असेल तर आधी ती पूर्ण वाचा. जवळच दोन इमारतींच्या फटीत बांधलेलं केरेत घर आहे. इस्रायली लेखक एत्गार केरेत यांच्या नावाचं हे घर सगळ्यात अरुंद जागी मीटरभरही रुंद नाही आणि लेखकांच्या मुक्कामासाठी बांधलेलं आहे.

आता भारतीय लेखकाचा मोह. यानुश कोर्चाक हे डॉक्टर आणि लेखक. त्यांचा अनाथाश्रम घेट्टोत आधी ख्वोदना ३३ आणि मग शेन्ना १६ इथे हलवला गेला. शेन्नाच्या घरात १८ जुलै १९४२ ला मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ सादर केलं, पोलिशमध्ये. दिग्दर्शन एस्तेर्का विनोग्रोन या तरुणीचं. आजारी अमल, खिडकी, राजाचं पत्र हे आपल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. चार दिवसांनी धरपकड सुरू झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक, त्यांच्या सहकारी स्तेफान्या विल्चिन्स्का आणि सुमारे २०० मुलं त्रेब्लिंकाच्या गाडीत चढवली गेली. कोर्चाक यांना बाहेर पडायची संधी होती, त्यांनी मुलांना सोडलं नाही. त्या दिवसाच्या मिरवणुकीची वर्णनं एकमेकांशी जुळत नाहीत. झेंडा होता की नाही, मुलं गात होती की नाही, कोण पुढे होतं, हे ज्याचं त्याने वेगळं सांगितलंय. त्यातलं सगळ्यात सुंदर वर्णन उचलू नका. कोणी पाहिलं आणि केव्हा लिहिलं हे सांगून लिहा, किंवा सोडून द्या. शेन्ना १६ ची जागा आज संस्कृती व विज्ञान महालाच्या परिसरात गेली, पत्ता शोधत बसू नका. शेजारच्या बागेत कोर्चाक यांचं स्मारक आहे. युद्धापूर्वीची आश्रमाची इमारत याक्तोरोफ्स्का ६ इथे उभी आहे.

तिसरा दिवस: उत्तरेकडे, गाडीपर्यंत

सकाळ पोलिन संग्रहालयाला द्या. आठ दालनं, हजार वर्षांचा इतिहास, तीन तास तरी हवेत. दमछाक होईल म्हणून थेट युद्धाच्या दालनाकडे पळू नका. आधीची शतकं पाहिली नाहीत तर नेमकं काय नष्ट झालं हेच कळत नाही.

बाहेर नातान रापोपोर्ट यांनी घडवलेलं घेट्टोवीरांचं स्मारक आहे, १९ एप्रिल १९४८ चं. पुढच्या बाजूला लढणारे, उभे, रुंद खांद्यांचे. सगळे फोटो त्याच बाजूचे. फिरून मागे जा. तिथे दगडात कोरलेली वाकलेली माणसं चालत आहेत, मागे फक्त जर्मन शिरस्त्राणं आणि संगिनी, चेहरे नाहीत. ज्या दगडाने स्मारक मढवलंय तो जर्मनांनी स्वतःच्या विजयस्मारकासाठी स्वीडनहून मागवलेला होता. ७ डिसेंबर १९७० ला पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट इथेच गुडघ्यांवर बसले.

इथून काळ्या दगडांच्या ठोकळ्यांची रांग सुरू होते, तो स्मृतिमार्ग. तो मिवाच्या उंचवट्यावरून उम्श्लागप्लात्सला जातो, अंतर एक किलोमीटरच्या आसपास. हे अंतर घड्याळ लावून, न थांबता, एकदा चाला. मग परत येऊन थांबत चाला. उंचवट्याजवळच्या स्तंभावर ओळख पटलेली ५१ नावं आहेत.

उम्श्लागप्लात्स म्हणजे मालाची चढउतार करायची जागा. स्ताफ्की रस्त्यावर १९८८ मध्ये बांधलेलं स्मारक पांढऱ्या भिंतींचं, मालगाडीच्या डब्यासारखं उघड्यावर उभं आहे. भिंतीवर ४४८ नुसती पहिली नावं आहेत, आबापासून झान्नापर्यंत वर्णानुक्रमाने. रोज सरासरी हजारो माणसं इथून डब्यांत भरली जात. आपण होऊन येणाऱ्याला तीन किलो पाव आणि एक किलो मुरांबा मिळेल अशी जाहिरात जर्मनांनी लावली, आणि लोक आले. ‘ते गेलेच कसे’ हा प्रश्न लेखात विचारण्याआधी १८४ कॅलरींचा आकडा शेजारी ठेवा. रस्त्यापलीकडची स्ताफ्की ५/७ ही इमारत तेव्हाचीच आहे, तिथून एसएस या नाझी दलाचे लोक या कामावर देखरेख करत.

परतताना नोवोलिपकीवरच्या संत ऑगस्टिन चर्चचा मनोरा बघा. १९४५ च्या छायाचित्रांत विटांच्या समुद्रात उभा दिसतो तो हाच. जुना फोटो बरोबर ठेवा आणि मनोऱ्यावरून दिशा लावा, म्हणजे कुठली गल्ली कुठे होती ते समजेल. क्रासिंस्की बागेच्या कडेला नालेफ्की रस्त्याचा तुकडा उरलाय. एकेकाळची ज्यू वॉर्साची मुख्य पेठ, आता फरसबंदी आणि कुठेही न जाणारे ट्रामचे रूळ.

दफनभूमीसाठी वेगळी सकाळ काढा. ओकोपोवा रस्त्यावरची ही भूमी १८०६ सालची, ३३ हेक्टरांची. पायाला घट्ट बसणारे बूट घाला, मुळांनी वाटा उखडल्या आहेत. पुरुषांनी डोकं झाकायचं, कबरीवर फुलं नव्हे, छोटा खडा ठेवायचा. पेरेत्स, दिनेझोन आणि आन-स्की या तीन यिडिश लेखकांची कबर एकत्र आहे. चेर्न्याकुफ आणि एडेलमान इथेच आहेत. घेट्टोत भुकेने मेलेल्यांना पुरलं ती सामूहिक जागा झाडांमधल्या मोकळ्या पट्ट्यासारखी दिसते. दगड वाचायला हिब्रू यायलाच हवं असं नाही. जोडलेले दोन पंजे म्हणजे पुरोहित वंश, पाण्याचं भांडं म्हणजे लेवी (मंदिरसेवकांचा वंश), मेणबत्त्या स्त्रीच्या दगडावर, तुटलेलं झाड म्हणजे अकाली मरण. साल अक्षरांत असतं. त्यातून निघालेल्या तीन आकडी संख्येत १२४० मिळवा: ७०२ म्हणजे १९४२. तारीख शरद ऋतूतली असेल तर एक वर्ष कमी धरा.

चौथा दिवस: त्रेब्लिंका

वॉर्सापासून ईशान्येला ८० किलोमीटरच्या आसपास. आगगाडी माव्किन्यापर्यंत जाते, पुढे टॅक्सी. परतीची टॅक्सी आणि वेळ आधीच ठरवा, तिथे रस्त्यावर हात दाखवून गाडी मिळत नाही. पाणी आणि खाणं बरोबर घ्या. डबे त्याच दिशेने गेले होते, म्हणून शक्य असेल तर मोटारीऐवजी रेल्वेने जा.

तिथे इमारत नाही. जर्मनांनी १९४३ मध्ये सगळं पाडून शेत केलं होतं. आज पाइनच्या जंगलात १९६४ चं स्मारक आहे. रुळांच्या जागी सिमेंटच्या आडव्या तुळया, आणि मोकळ्या जागेत सुमारे १७ हजार ओबडधोबड दगड. अनेक दगडांवर गावांची नावं आहेत. माणसाचं नाव एकाच दगडावर, यानुश कोर्चाक यांचं. आधी छोटं संग्रहालय बघा, म्हणजे मैदानात गेल्यावर कुठे काय होतं ते कळेल. श्रम छावणी आणि खडीची खाण दोन किलोमीटर पुढे आहे. तीन तास धरा.

वही

वहीचं डावं पान डोळ्यांना दिसलं त्याला, उजवं कागदात वाचलं त्याला. प्रत्येक जागेसाठी चार गोष्टी: जुना पत्ता, आजचा पत्ता, तारीख, आणि हे कोणी नोंदवलं. मनात काय आलं ते रात्री, वेगळ्या पानावर. सरमिसळ झाली की महिनाभराने आपण पाहिलेलं कुठलं आणि वाचलेलं कुठलं हे आपल्यालाच सांगता येत नाही.

आकड्यांना मालक द्या. उठावात पकडलेले आणि मारलेले ५६,०६५ हा आकडा फार ठिकाणी येतो. तो श्ट्रोपच्या अहवालातला आहे, म्हणजे मारेकऱ्याने वरिष्ठांना दिलेला हिशेब. तसं लिहून वापरा. १९४२ च्या उन्हाळ्यासाठी कुठे अडीच लाख, कुठे तीन लाख आढळतात. मोठ्या आकड्यात घेट्टोतच गोळ्या घातलेले आणि श्रम छावण्यांत नेलेलेही बहुधा धरलेले असतात.

छायाचित्रांचंही तेच. हात वर केलेल्या लहान मुलाचा जगप्रसिद्ध फोटो श्ट्रोपच्याच अहवालातला, जर्मनांनी काढलेला. घेट्टोची बरीच चित्रं अशीच, बंदुकीच्या बाजूने घेतलेली. लेखाबरोबर तो फोटो छापणार असाल तर खाली कोणी काढला ते द्या, आणि जमलं तर त्याऐवजी दुधाच्या कॅनमधला एखादा कागद छापा: एखादं रेशनकार्ड, एखाद्या मुलीचा निबंध. परवानगीसाठी ज्यू इतिहास संस्थेला लिहावं लागतं, उत्तराला वेळ लागतो, म्हणून हे पत्र लेख पूर्ण व्हायची वाट न पाहता वॉर्साहून परतल्याच्या आठवड्यातच पाठवा.